तांब्याभर पाण्याचा वजू



आज आपण पाण्याविषयी बोलणार आहोत. पण हे पाणी पिकाचे नव्हे, की पिण्याचे नव्हे. नमाजाच्या आधी मुसलमान माणूस हात, तोंड, पाय धुतो. त्या धुण्याला वजू म्हणतात. त्या वजूच्या पाण्याविषयी आज बोलायचे आहे.

आमच्या वाचनाच्या वर्गांत सगळ्या जातिधर्मांची मंडळी बसतात. मग हा विषय का घेतला? दोन कारणे आहेत.

पहिले कारण असे. शिरूर-दौंडच्या गावांत शेख आहेत, पठाण आहेत, इनामदार आहेत, मुलाणी, आतार, तांबोळी, बागवान आहेत. गावगाड्यात मुलाण्याचा मान जुना आहे. ही मंडळी आपल्याशी मराठीत बोलतात, आपल्याबरोबर शेतात राबतात. पण शेजारी तांब्या घेऊन हात-पाय का धुतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. शेजाऱ्याची रीत ठाऊक असावी. त्याने माया वाढते.

दुसरे कारण जास्त मोठे आहे. वजू कसा करावा हे मुसलमान घरात लहान मुलालाही येते. पण तो केव्हा तुटतो आणि केव्हा टिकतो, याविषयी पुष्कळांच्या मनात घोळ असतो. त्या घोळापायी कोणी नमाज सोडतो. कोणी दहा वेळा धूत बसतो आणि पाणी वाया जाते. कोणी आजारपणात गार पाण्याने दुखणे वाढवून घेतो. हे तिन्ही टाळता येते. त्यासाठी पैसा लागत नाही. फक्त माहिती लागते.

आणि ही माहिती मराठीतून सांगता येते. भीमेच्या पलीकडे श्रीगोंदे आहे. तिथे सतराव्या शतकात संत शेख महंमद होऊन गेले. त्यांनी 'योगसंग्राम' हा ग्रंथ मराठीत लिहिला. तेव्हा धर्माची गोष्ट आपल्या बोलीत सांगणे ही या भागात नवी बाब नाही.

वजू म्हणजे काय?

कुराणाच्या पाचव्या सूरेचे नाव अल-माइदा. सूरा म्हणजे अध्याय. तिच्या सहाव्या आयतीत, म्हणजे सहाव्या वचनात, वजूचा हुकूम आहे. त्यात चार कामे सांगितली आहेत.

एक, चेहरा धुणे.
दोन, दोन्ही हात कोपरापर्यंत धुणे.
तीन, डोक्यावरून ओला हात फिरवणे. याला मसह म्हणतात.
चार, दोन्ही पाय घोट्यापर्यंत धुणे.

ही चार कामे झाली की वजूचा गाभा झाला. ती एकेकदा नीट झाली तरी वजू होतो. बाकीच्या गोष्टी पैगंबरांची रीत म्हणून करतात. तिला सुन्नत म्हणतात.

सगळी रीत अशी आहे. मनात हेतू धरावा. बिस्मिल्ला म्हणावे. हात मनगटापर्यंत धुवावेत. चूळ भरावी. दात घासावेत. कडुनिंबाची किंवा बाभळीची काडी असली तर उत्तम. नाकात पाणी घेऊन नाक साफ करावे. मग चेहरा धुवावा. कपाळावर केस सुरू होतात तिथपासून हनुवटीच्या खालपर्यंत, आणि या कानापासून त्या कानापर्यंत. मग हात कोपरापर्यंत, आधी उजवा, मग डावा. मग डोक्यावरून ओला हात फिरवावा आणि कान पुसावेत. शेवटी पाय घोट्यापर्यंत, आधी उजवा, मग डावा. पायाच्या बोटांच्या बेचक्यांतून करंगळी फिरवावी, म्हणजे जागा कोरडी राहत नाही.

धुण्याची कामे तीन तीन वेळा करतात. तीनपेक्षा जास्त वेळा धुणे चांगले मानलेले नाही. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

थोडे थोडे फरक आहेत. देशावरचे बहुतेक मुसलमान हनफी पंथाचे आहेत. कोकणातले मुसलमान शाफई पंथाचे आहेत. शिया मंडळी पाय धुण्याऐवजी पायांवरून ओला हात फिरवतात. आपल्या भागात हनफी रीत जास्त चालते, म्हणून आज आम्ही मुख्यतः तीच सांगतो.

वजू कशाने तुटतो?

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. एकदा केलेला वजू पुढचे कारण घडेपर्यंत टिकतो. घड्याळाने तो तुटत नाही. नमाज झाला म्हणूनही तुटत नाही. तो तुटतो ती कारणे अशी.

लघवीला किंवा परसाकडे जाऊन आले, तर वजू तुटतो. पोटातला वारा सरला, तर तुटतो.

अंगातून रक्त किंवा पू निघून वाहिला, तर हनफी रीतीने वजू तुटतो. ऊस तोडताना कोयता लागला आणि रक्ताची धार लागली, तर वजू पुन्हा करावा. पण काटा टोचला, रक्ताचा ठिपका दिसला आणि जागच्या जागी राहिला, तर तुटत नाही. दवाखान्यात तपासणीसाठी सुई लावून रक्त काढले, तर पुन्हा करावा. शाफई रीतीने मात्र रक्ताने वजू तुटत नाही.

तोंडभर उलटी झाली, तर तुटतो.

आडवे होऊन झोप लागली, तर तुटतो. बसल्या बसल्या डुलकी आली आणि बैठक पक्की होती, तर तुटत नाही. दौंडहून शिरूरला एसटीने निघालात, वाटेत गाढ झोप लागली आणि मान लटकली, तर उतरल्यावर वजू पुन्हा करणे बरे.

बेशुद्धी आली, फेफरे आले, नशा चढली, तर तुटतो. कारण माणसाचे भान राहत नाही.

नमाज पढताना मोठ्याने हसले, तर हनफी रीतीने नमाजही मोडतो आणि वजूही.

याशिवाय काही वेळा नुसता वजू पुरत नाही, सगळी अंघोळ लागते. तिला गुस्ल म्हणतात. पतिपत्नीच्या संबंधानंतर, झोपेत स्वप्नावस्था झाल्यावर, मासिक पाळी संपल्यावर आणि बाळंतपणाचा रक्तस्राव थांबल्यावर गुस्ल करतात. पाळीच्या दिवसांत बाईला नमाज माफ असतो. तो पुढे भरूनही काढावा लागत नाही.

वजू कशाने तुटत नाही?

ही यादी पहिलीपेक्षा मोठी आहे, आणि कष्टकरी माणसाला हीच जास्त उपयोगाची आहे.

समजा, दुपारचे दोन वाजले आहेत. एक भाऊ कांद्याच्या वाफ्यात पाणी धरतो आहे. सकाळी घरून वजू करून निघाला होता. आता पाय चिखलाने भरले आहेत. अंग घामाने भिजले आहे. तो मनात म्हणतो, "आता आम्ही कसले पाक! राहू द्या आजचा नमाज."

बंधूंनो, घामाने वजू तुटत नाही. मातीने तुटत नाही. चिखलाने तुटत नाही. राबणाऱ्या माणसाचा घाम म्हणजे काही विटाळ नव्हे. पाय धुवावेत आणि उभे राहावे. वजूचे दुसरे काही कारण घडले नसेल, तर सकाळचा वजू अजून शाबूत आहे.

आता गोठ्यात चला. एक बाई शेण काढते आहे, म्हैस पिळते आहे. शेणाने वजू तुटतो का? नाही. शेण हाताला लागले, लुगड्याला लागले, तर तेवढा भाग धुवून काढावा. म्हैस पिळण्याने तर काहीच होत नाही. अंग किंवा कपडा घाण होणे ही एक गोष्ट आणि वजू तुटणे ही दुसरी गोष्ट. घाण लागली तर घाण धुवावी. सगळा वजू नव्याने करण्याची गरज नाही.

बाळाला अंगावर पाजले, तर आईचा वजू तुटत नाही. बाळाचे दुपटे धुतले, तरी तुटत नाही. हात तेवढे धुवावेत. भाकरी खाल्ली, चहा घेतला, तरी तुटत नाही. चूळ भरावी. नखे काढली, दाढी केली, केस कापले, तरी तुटत नाही. रडू आले, डोळ्यांतून पाणी आले, तरी तुटत नाही. डासाने चावले, तरी तुटत नाही.

आणि एक गोष्ट विशेष सांगायची आहे. दुसऱ्या जातीचा, दुसऱ्या धर्माचा माणूस शिवला, म्हणून वजू तुटत नाही. कोणाच्याही विहिरीचे, कोणाच्याही हातचे स्वच्छ पाणी वजूला चालते. वजूत माणसाचा विटाळ नाही. ज्या महाराष्ट्राने पाण्यापायी माणसाला दूर ठेवण्याचे दिवस पाहिले, महाडला १९२७ साली चवदार तळ्याचा सत्याग्रह पाहिला, त्या महाराष्ट्रात ही गोष्ट सर्वांनीच ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

खोटे बोलले, कोणाची निंदा केली, शिवी दिली, तर? त्यानेही वजू तुटत नाही. पण जाणत्या पंडितांनी सांगितले आहे की, अशा वेळी नवा वजू केलेला बरा. तोंड धुताना माणसाला आपले बोलणे आठवते. निदान आठवावे.

पाणी कुठे अडते?

वजूत पाणी कातडीला लागले पाहिजे. मध्ये काही थर असला, तर वजू अपुरा राहतो. दौंड तालुक्यात गुऱ्हाळे पुष्कळ. गुऱ्हाळावरच्या माणसाच्या हाताला काकवीचा चिकटा वाळून बसतो. तो आधी काढावा. रंगाऱ्याच्या हातावर रंगाचा थर असतो, गवंड्याच्या हातावर सिमेंट वाळलेले असते. तेही काढावे. बायकांच्या नखांत कणीक वाळून राहते. ती काढावी. नखांना लावायच्या रंगाचाही थर असतो. वजूच्या आधी तो काढावा लागतो.

मेंदीचा थर नसतो, नुसता रंग उरतो. तो चालतो. तेलाचा ओशटपणा चालतो. शेतकऱ्याच्या नखात थोडी माती राहिली, तर तीही माफ आहे. शास्त्र लिहिणाऱ्यांना शेतकऱ्याचे हात ठाऊक होते, हे यावरून दिसते.

संशय आला तर काय करावे?

पुष्कळ माणसे इथे अडतात. वजू केला होता हे नक्की आठवते. पण मग तुटला की काय, असा संशय येतो. पोटात गुडगुडले. वारा सरला की नाही? नक्की कळत नाही. काय करावे?

पैगंबरांनी याचे उत्तर दिले आहे. आवाज आला नाही, वासही आला नाही, तर नुसत्या संशयाने नमाज सोडून जाऊ नये. पंडितांनी यावरून एक नियम बांधला. खात्रीची गोष्ट नुसत्या संशयाने जात नाही.

हा नियम दोन्ही बाजूंनी चालतो. वजू केल्याची खात्री आहे आणि तुटल्याचा संशय आहे? मग वजू आहे असे धरा. वजू तुटल्याची खात्री आहे आणि पुन्हा केल्याचा संशय आहे? मग वजू नाही असे धरा आणि करा. जे नक्की ठाऊक आहे, त्याला धरून चाला.

काही माणसांना हा संशय फार छळतो. हात धुतला, पुन्हा धुतला, तरी मन भरत नाही. एका वजूला अर्धा तास लागतो. हाताची कातडी पांढरी पडते. घरातली माणसे कंटाळतात. अशा माणसाला कोणी हसू नये. मनात येणाऱ्या अशा छळणाऱ्या शंकांना मुसलमान मंडळी वसवसा म्हणतात. तीनदा धुवून थांबावे, हा त्यावरचा धर्माचा उपाय आहे. पण थांबायचे ठरवूनही थांबता येत नसेल, तर ते दुखणे असू शकते. त्याला मराठीत मंत्रचळ म्हणतात. ते कोणत्याही धर्माच्या माणसाला होते. त्यावर औषध आहे. मनाच्या दुखण्याचा डॉक्टर त्यावर इलाज करतो. सरकारी दवाखान्यात जाऊन विचारावे. त्यात लाज कसली?

एक वजू, अनेक नमाज

दिवसात पाच नमाज असतात. पहाटे फजर, दुपारी जोहर, तिसऱ्या प्रहरी असर, दिवस मावळल्यावर मगरिब आणि रात्री इशा. पाच नमाजांना पाच वजू लागतात का?

लागतातच असे नाही. वजू तुटला नसेल, तर एका वजूवर दुसरा नमाज होतो. इ. स. ६३० मध्ये पैगंबरांनी मक्का शहर घेतले. त्या दिवशी त्यांनी एकाच वजूवर अनेक नमाज पढले. एरवी ते प्रत्येक नमाजाला नवा वजू करत. त्यांचे सोबती उमर यांना नवल वाटले. त्यांनी विचारले, तेव्हा पैगंबरांनी आपण हे जाणूनबुजून केल्याचे सांगितले. लोकांना सवलत कळावी, असा याचा अर्थ पंडित लावतात.

म्हणजे पाणी भरपूर असेल, तर नवा वजू करणे पुण्याचे. पाणी कमी असेल, तर टिकलेला वजू पुरे. मगरिबचा वजू सांभाळून त्यावर इशाचा नमाज पढणारी माणसे गावोगाव आहेत.

पाणी किती लागते?

आता आपल्या मुलखाकडे पाहू. शिरूरला घोड नदी आहे, म्हणून त्या गावाला घोडनदीच म्हणतात. चिंचणीला घोडवर धरण आहे. दौंड भीमेच्या काठी आहे. नकाशा पाहिला तर वाटेल, इथे पाण्याला काय तोटा! पण हा भाग पर्जन्यछायेचा. ढग सह्याद्रीवरच रिकामे होतात. पाबळ, केंदूर, कान्हूर मेसाई या बाजूला उन्हाळ्यात टँकरची वाट पाहण्याची पाळी किती वेळा आली, हे तिथल्या बायकांना विचारा. १९७२ चा दुष्काळ तर म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून सगळ्यांनी ऐकला आहे.

अशा मुलखात वजूला किती पाणी वापरावे? पैगंबर एक मुद्द पाण्यात वजू करत, असे हदीसमध्ये आहे. हदीस म्हणजे पैगंबरांच्या बोलण्या-वागण्याच्या जपून ठेवलेल्या आठवणी. मुद्द हे अरबी माप आहे. आजच्या हिशेबाने ते पाऊण ते एक लिटर भरते. म्हणजे आपला एक तांब्या! वाहत्या नदीच्या काठी बसलात तरी वजूत पाणी उधळू नका, अशीही शिकवण हदीसमध्ये आहे.

पूर्वी घरोघर तोटीचा बधना असे. त्यातून बारीक धार पडे. बधन्याभर पाण्यात वजू होई. आता नळ आला. नळ सोडला की माणूस बोलता बोलता वजू करतो आणि पाणी वाहत राहते. घरी एक गंमत करून पाहा. नळाखाली बादली ठेवा आणि रोजच्यासारखा वजू करा. मग बादलीत किती पाणी जमले ते मोजा.

समजा, दहा लिटर जमले. पाच वजूंचे पन्नास लिटर झाले. तांब्याने वजू केला, तर पाच लिटर लागतील. एका माणसामागे रोज पंचेचाळीस लिटर वाचले. २०१९ साली सरकारने जलजीवन मिशन सुरू केले. त्यात खेड्यातल्या माणसासाठी दर दिवशी ५५ लिटर पाणी धरले आहे. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, कपडे, सगळे त्यात आले. त्यातले पन्नास लिटर वजूच्या नळाने नेले, तर घरात उरले काय? हा हिशेब पाटीवर मांडून पाहा. वीस माणसांचा मांडा. रोजचे नऊशे लिटर वाचतात.

वजूचे सांडलेले पाणी पाक असते, पण त्याने दुसरा वजू होत नाही, असे हनफी पंडित सांगतात. मग ते गटारात का जावे? ते झाडाला घाला. मशिदीच्या वजूखान्याचे पाणी नारळाच्या आळ्यात सोडा, नाही तर शोषखड्ड्यात मुरवा. जमिनीत पाणी गेले, तर विहिरीलाच मिळेल.

पाण्याच्या परीक्षेचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. पाऊस, विहीर, नदी, कालवा, बोअर, हे सगळे पाणी वजूला चालते. पण घाण मिसळून पाण्याचा रंग, वास किंवा चव बदलली असेल, तर ते चालत नाही. पुण्याचे सांडपाणी मुळा-मुठेतून खाली येते. रांजणगाव सांडसजवळ ती नदी भीमेला मिळते. पाण्याला घाण वास येत असेल, तर नदी आहे म्हणून ते घेऊ नका. हीच भीमा पुढे पंढरपूरला चंद्रभागा होते. तुकोबांची पालखी यवत, वरवंडवरून त्या चंद्रभागेच्या स्नानाला जाते. वजूला नितळ पाणी हवे, स्नानाला नितळ पाणी हवे. नदी स्वच्छ राहावी, हे दोघांचेही काम आहे.

पाणी नसेल, किंवा पाण्याने अपाय होत असेल तर?

तेव्हा माती चालते. याला तयम्मुम म्हणतात. कुराणाच्या त्याच आयतीत तो सांगितला आहे. माणसाला अडचणीत टाकण्याची देवाची इच्छा नाही, असे तिथेच म्हटले आहे.

रीत सोपी आहे. मनात हेतू धरावा. स्वच्छ, कोरड्या मातीवर दोन्ही तळहात मारावेत, झटकावेत आणि चेहऱ्यावरून फिरवावेत. पुन्हा मातीवर हात मारून दोन्ही हातांवरून कोपरापर्यंत फिरवावेत. झाले. माती, वाळू, दगड, कच्ची वीट, मातीची भिंत, हे सगळे चालते. राख चालत नाही, लाकूड चालत नाही.

तयम्मुम केव्हा करावा? मैलभराच्या आत पाणी नसेल तेव्हा. पाणी लागून दुखणे वाढेल तेव्हा. जवळचे पाणी पिण्यापुरतेच असेल तेव्हा. मेंढरे घेऊन माळावर गेलेल्या माणसाजवळ एक कळशी पाणी आहे. ते त्याला आणि त्याच्या कुत्र्याला प्यायला हवे. मग त्याने वजूला पाणी घालवू नये. तहान आधी. पाणी मिळाले, दुखणे बरे झाले, की तयम्मुम संपतो. मग पाण्याने वजू करावा.

आता पैगंबरांच्या काळातली एक गोष्ट ऐका. हदीसमध्ये ती आहे.

काही माणसे प्रवासाला निघाली होती. त्यांतल्या एकाच्या डोक्याला दगड लागला. मोठी जखम झाली. रात्री झोपेत त्याला स्वप्नावस्था झाली. म्हणजे आता अंघोळ करणे भाग होते. त्याने सोबत्यांना विचारले, मला जखम आहे, मातीने भागेल का? सोबत्यांना नीट माहिती नव्हती. तरी त्यांनी ठासून सांगितले की, पाणी मिळते आहे, तेव्हा सवलत नाही. त्या बिचाऱ्याने अंघोळ केली. जखमेत पाणी गेले आणि तो मरण पावला.

पैगंबरांना हे कळले. त्यांना फार राग आला. त्या माणसाच्या मरणाचा दोष त्यांनी सोबत्यांना दिला. ठाऊक नव्हते तर विचारायचे होते, न कळण्यावर विचारणे हेच औषध आहे, असे त्यांनी बजावले.

बंधुभगिनींनो, या गोष्टीवर थोडा विचार करा. त्या सोबत्यांचा हेतू वाईट होता का? नव्हता. त्यांना धर्म पाळायचा होता. पण अर्धवट माहिती ठाम बोलली आणि एक जीव गेला. आपल्या घरात म्हातारे आईबाप असतात. साखरेचा आजार असलेले असतात. ऊसतोडीत पाय कापलेले असतात. त्यांना आपण काय सांगतो, ते जपून सांगावे.

म्हणून आजाऱ्यांसाठी चार गोष्टी सांगतो.

जखमेवर पट्टी आहे आणि पाणी लागू द्यायचे नाही, असे डॉक्टरने सांगितले आहे. मग पट्टी सोडू नका. बाकीचा भाग धुवा आणि पट्टीवरून ओला हात फिरवा. त्यानेही अपाय होत असेल, तर तेही सोडा.

साखरेच्या आजारात पायाची जाणीव कमी होते. पाणी किती कढत आहे ते पायाला कळत नाही आणि पाय भाजतो. थंडीत पाणी गरम केले, तर घरातल्या दुसऱ्या माणसाने हात घालून पाहावे. वजू झाल्यावर बोटांच्या बेचक्या फडक्याने कोरड्या कराव्यात. ओल राहिली की चिखल्या होतात. साखरेच्या माणसाला ती लहान जखमही महागात पडते.

म्हातारपणी कोणाची लघवी थेंब थेंब गळते. वजू करून नमाज पढण्याइतकाही कोरडा वेळ मिळत नाही. मग काय नमाज सोडायचा? नाही. अशा माणसाने नमाजाची वेळ लागली की एक वजू करावा. ती वेळ संपेपर्यंत, त्या गळण्याने त्याचा वजू तुटत नाही. दुसरे कारण घडले, तरच तुटतो. बायकांना पाळीशिवाय सतत अंगावर जात असेल, तर त्यांनाही हीच सवलत आहे. मात्र दोघांनीही डॉक्टरला दाखवावे. सवलत नमाजासाठी आहे, दुखणे अंगावर काढण्यासाठी नाही.

आणि ज्याला पाणीच सोसत नाही, त्याला तयम्मुम आहे. सवलत घेणे म्हणजे कमीपणा नव्हे. हुकूम ज्याने दिला, सवलतही त्यानेच दिली.

आता उजळणी करू. आम्ही विचारतो, तुम्ही मनात उत्तर द्या.

सकाळी वजू केला, दिवसभर कांदे काढले, घाम आला. वजू आहे की नाही? आहे.
गोठ्यात शेण काढले. वजू आहे की नाही? आहे. हात धुवा.
दुपारी झाडाखाली आडवे होऊन झोप काढली. वजू आहे की नाही? नाही. पुन्हा करा.
वजू केल्याचे आठवते, तुटल्याची नुसती शंका आहे. आहे की नाही? आहे.
टँकर आला नाही, घरात एकच हंडा आहे आणि तो पिण्याचा आहे. काय कराल? तयम्मुम.

एवढे आले, तर पुष्कळ झाले. काही अडले, तर गावातल्या मौलवीसाहेबांना विचारा. दुखण्याचे अडले, तर डॉक्टरला विचारा. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा पुस्तकालाही विचारा. आणि आपल्या घरी ज्यांना अजून वाचता येत नाही, त्या आईला, त्या आजोबांना, आजचा हा धडा रात्री मोठ्याने वाचून दाखवा.